खालची डावी दाढ

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या आणि मी बाबांना त्यातली एकच सांगितली. झालं ते एवढंच. याला आता बरीच वर्षं झाली, बाबाही राहिले नाहीत, पण कुठल्या दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा वास आला की मी अजून बाहेर येऊन उभी राहते.

बाबा इंदूरच्या एका कापड मिलमध्ये फिटर होते, लूम खात्यात. शेकडो माग एकाच छपराखाली चालायचे. तिथे तीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान शाबूत राहत नाहीत. बाबांचा डावा कान पुरता गेला होता आणि उजव्याने, अगदी जवळ तोंड नेऊन जोरात बोललं तर, निम्मंशिम्मं कळायचं. मिल चालू होती तोवर याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण तिथे सगळ्यांचंच तसं होतं आणि सगळेच ओरडून बोलायचे. मिल बंद पडली, बाबा दिवसभर घरी राहायला लागले, तेव्हा कुठे आम्हांला कळलं की आपल्या घरात एक बहिरा माणूस आहे.

मग त्यांचे कान मी झाले. बँकेत, रेशनच्या दुकानात, लाइटबिलाच्या खिडकीवर, बाबांच्या उजव्या हाताला मी. समोरचा बोलायचा आणि मी ते बाबांच्या कानात परत बोलायची. माझा स्वभाव पहिल्यापासून असा, नाकावर राग. चार-चार वाक्यं कोण ओरडत बसणार? मी चाराचं एक करायची. खिडकीतला माणूस सांगायचा की अमका फॉर्म भरा, त्याला तमका कागद जोडा, साहेब दोनला येतील, नाही आले तर उद्या बघू, आणि मी बाबांच्या कानात म्हणायची, "उद्या या म्हणतोय." बाबा मान हलवायचे. एवढा वेळ तो माणूस एवढंच बोलला का, असं त्यांनी कधी उलटून विचारलं नाही. लेकीवर भरवसा होता, दुसरं काय.

मिल बंद होऊन तीन वर्षं झाली होती. बाबांच्या बरोबरीचे कुणी कुठे चौकीदारी करत होते, कुणी भाजीचा ठेला लावला होता, कुणी नुसतेच बंद फाटकासमोरच्या चहाच्या गाडीवर बसून असायचे. बाबा गल्लीतले कूलर आणि पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचे. हे काही फिटरचं काम नाही, असं म्हणत म्हणत करायचे. अशात पीथमपूरच्या एका नव्या कारखान्यातून बोलावणं आलं. तिकडे तेव्हा गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने भराभर निघत होते, आणि एका कारखान्यातल्या मेंटेनन्सच्या साहेबाला हातात कसब असलेला जुना माणूस हवा होता. वयाचं तो बघून घेणार होता. शुक्रवारी सकाळी ट्रायल. पत्र आलं त्या दिवशी बाबांनी पेटीतून खाकी कपडे काढून आईला इस्त्रीला दिले.

"हे गेलं ना, तर मग खेळ खतम," ते म्हणाले. "माझ्या उमरीच्या माणसाला दुसऱ्यांदा कोण बुलावणार?"

कानांचं तिथे काही बोलायचं नाही, एवढं घरात ठरलं. बाकी सगळं बाबा बघून घेणार होते. आणि रविवारी सकाळी ते डावा गाल धरून उठले.

आता माझं सांगते. मीही तेव्हा टांगणीलाच होते. इंदूरबाहेर, राऊच्या बाजूला लेसरची एक प्रयोगशाळा होती, तिथे मी सहा-सहा महिन्यांच्या करारावर काम करत होते. आमच्या गटाचं काम लेसरने दात आणि हाड कापायचं. ऐकणाऱ्याला यात काय मोठंसं असं वाटतं. पण दात काही लाकूड नाही. त्यात खनिज असतं, आणि त्या खनिजाच्या आत पाणी असतं. साधा लेसर मारला की दात तापतो, आतलं पाणी उकळतं, दाताला तडे जातात आणि केस जळल्यासारखी घाण सुटते. आमच्याकडे नवा लेसर आला होता. सेकंदाचे आधी कोटी तुकडे करा, मग त्यातल्या एकाचे दहा लाख करा. तेवढ्या वेळात त्याचा एक ठोका मारून व्हायचा. इतक्या थोड्या वेळात उष्णतेला शेजारी पसरायला सवडच मिळत नाही. जिथे ठोका पडला तिथलं खनिज उडून जातं आणि त्याला लागून असलेला कण गारच्या गार राहतो. हे कागदावर. आमच्या टेबलावर मात्र प्रत्येक दाताला तडे दिसत होते.

कारण दातच खराब होते. एका डेंटल कॉलेजातून ते यायचे, महिनोनमहिने फॉर्मलिनमध्ये पडलेले, ठिसूळ झालेले. तडे आमच्या लेसरने गेले की आधीचेच होते, हे देवालाही सांगता आलं नसतं. येत्या गुरुवारी समिती काम बघायला येणार होती, आणि त्यांना स्वच्छ कापलेला एक तरी दात दाखवता आला नाही तर आमचं काम गुंडाळलं जाणार, म्हणजे माझा करारही. सर रोज एकच धोशा लावायचे.

"मुझे ताज़ा दाँत चाहिए. मुँह से निकला और सीधा सलाइन में. सूखना नहीं चाहिए."

ताजा दात आणायचा कुठून? मी तीन दिवस शहरातले दवाखाने पालथे घातले. एका ठिकाणी लहान मुलाचा दुधाचा दात मिळाला, दुसरीकडे तीन तुकडे झालेली दाढ. एका डॉक्टरने तर मला भोंदूगिरी करणारी समजून बाहेरच काढलं. शनिवारी मी रडकुंडीला येऊन घरी परतले. आणि रविवारी बाबा गाल धरून उठले, तेव्हा माझ्या मनात सगळ्यांत आधी जे आलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला हायसं वाटलं.

सोमवारी मी त्यांना पाटणीपुऱ्यातल्या दवाखान्यात नेलं तेव्हा माझ्या पर्समध्ये सलाइनची बाटली होती. म्हणजे मी तयारीनिशीच गेले होते. आता साळसूदपणाचा आव आणण्यात काही अर्थ नाही.

डॉक्टरांनी बाबांच्या तोंडात आरसा घालून बराच वेळ पाहिलं, दातांवर टकटक केली, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाउजी के बाकी दाँत तो सब हिल रहे हैं, तमाखू ने खा लिए. नीचे की ये एक दाढ़ पक्की है, जड़ एकदम मज़बूत. इसमें कीड़ा लगा है, पर बच जाएगी. आज खोलकर दवा भर देता हूँ, दर्द आज ही उतर जाएगा. फिर चार-पाँच बार आना पड़ेगा. या फिर निकाल देते हैं. आप लोग देख लो."

बाबा खुर्चीत आडवे, गालावर तळहात, डोळे माझ्या तोंडाकडे.

मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकले. "काढावी लागेल म्हणतायत."

त्यांनी लगेच मान हलवली नाही. माझा हात धरला आणि म्हणाले, "दुसरा काही इलाज नाही का? पूछ ना त्यांना. शुक्रवारी ट्रायल आहे माझी."

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा उलटून विचारलं होतं. डॉक्टर हात धूत होते. मी त्यांच्याकडे वळले आणि विचारलं, "सर, निकालने में कितना टाइम लगेगा?"

"आधा घंटा."

मी पुन्हा बाबांच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "नाही म्हणतायत."

यावर मी नंतर स्वतःची कितीतरी प्रकारे समजूत घातली. चार-पाच खेपा शुक्रवारपर्यंत झाल्याच नसत्या. मध्येच ठणका उठला असता तर ट्रायल बुडाली असती. पण दुखणं आजच उतरेल असं डॉक्टर स्वच्छ बोलले होते आणि मी ते स्वच्छ ऐकलं होतं. बाबांनी तोंड उघडलं.

आधा घंटा म्हणाले होते, तासभर लागला. दाढ निघायलाच तयार नव्हती. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला, बाबांनी खुर्चीचे दोन्ही हात आवळून धरले होते, आणि मी भिंतीला टेकून हातातल्या बाटलीचं झाकण उघडून उभी होते. शेवटी कर्रकन आवाज झाला. डॉक्टरांनी चिमट्यात धरलेली दाढ उजेडात फिरवून पाहिली. दोन लांब मुळं, कुठेही न मोडलेली. "क्या दाढ़ थी," ते म्हणाले, आणि माझ्या बाटलीत सोडली.

बाबांना रिक्षात बसवून घरी पाठवलं आणि मी धावत सवारीचा टेम्पो पकडला. भंवरकुआंच्या चौकात बदलून प्रयोगशाळेत पोचले तेव्हा दाढ काढून तासही पुरा झाला नव्हता. सर दारातच उभे होते.

मंगळवारी दाढ कापली. बारीक करवतीने ओलीच उभी चिरली, तिचा एक काप टेबलावर बसवला आणि किरण सोडला. दाताच्या पृष्ठभागावर निळसर पांढरी ठिणगी दिसायला लागली, टिकटिक असा बारीक आवाज, आणि वास काहीच नाही. वास नाही हे आधी सरांच्या लक्षात आलं. त्यांनी नाक पुढे करून हुंगलं आणि माझ्याकडे बघितलं. सूक्ष्मदर्शकाखाली खाच दिसली ती अशी की वाटावं, कुणी पट्टी धरून ओढली. कडा सरळ, बाजूला एकही तडा नाही, करपल्याची खूण नाही. आधी आतल्या मऊ भागात, मग वरच्या कडक थरात, दोन्हीकडे तीच तऱ्हा. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी नोंदवहीत लिहिलं: पुरुष, वय सत्तावन्न, खालची डावी दाढ, काढताच सलाइनमध्ये, तासाच्या आत प्रयोगशाळेत. नाव लिहायची पद्धत नव्हती, आणि मलाही ते लिहायचं नव्हतं. त्या दिवशी मी फार खुशीत होते. हेही सांगायलाच हवं.

बुधवारी संध्याकाळी घरी आले तर बाबा नव्हते. आई पेज ढवळत होती. म्हणाली, "कोपऱ्यावरच्या चक्कीवर गेलेत. सळई घेऊन गेलेत. तू बघ जरा, दुपारपासून त्यांचं डोकं फिरलंय."

पिठाच्या चक्कीवर दोन-चार बायका डबे घेऊन तटलेल्या होत्या आणि चक्कीवाला मला बघताच ओरडला, "जीजी, बाउजी को ले जाओ यार! खून आ रिया है, और मान नी रिये!"

बाबा चक्कीच्या मोटरीपुढे उकिडवे बसले होते. हातभर लांबीची एक लोखंडी सळई. तिचं एक टोक मोटरीच्या बेरिंगवर टेकवलेलं आणि दुसरं, चपटं केलेलं टोक त्यांच्या दातांत. दोन्ही अंगठे कानांत खुपसलेले. डोळे मिटलेले. हनुवटीवरून लाळेबरोबर रक्ताची धार उतरली होती आणि पिठाने पांढऱ्या झालेल्या जमिनीवर तिचे थेंब पडले होते. त्यांनी सळई तोंडातून काढली, उजवीकडच्या दातांत धरून बघितली, पुन्हा काढली, पुन्हा डावीकडे लावली, आणि हिरडीवर दाब पडताच कळवळून मागे सरकले.

ही सळई मी लहानपणापासून त्यांच्या हत्यारांच्या पेटीत बघत आले होते. ती कशासाठी आहे हे मी कधी विचारलं नव्हतं.

"आवाज येत नाहीये," ते मला म्हणाले. नेहमीच्याच मोठ्या आवाजात, साऱ्या चक्कीला ऐकू जाईल असं. "लूम खात्यात कानाने काय ऐकू येतं? इतके माग धडधडतायत, त्यात एकाचं बेरिंग घासतंय, ते कसं कळणार? दाताने ऐकायचं. सळई लावली की सीधा डोक्यात येतो आवाज. तीस साल मी असाच ऐकत आलो. वाटलं होतं, ही काढली तर उजवीकडून जमवू. पण उजवीकडचे सगळे हिलतायत. सळई धरवतच नाही, आवाज मधेच मरून जातो."

मला त्यातलं काहीच समजावून सांगायची गरज नव्हती. आठ महिने मी दातांचंच तर शिकत होते. सळईतून दाढेत, दाढेतून जबड्याच्या हाडात, हाडातून थेट कानाच्या आत. मिलने त्यांच्या कानाचं वाटोळं केलं होतं तरी जाड, घरघरता आवाज हाडातून पोचला की त्यांना कळत होता. त्यासाठी हाडात घट्ट रुतलेला एक दात लागतो. त्यांच्याकडे एकच उरला होता, आणि मी तो मंगळवारी उभा चिरला होता.

मी काय करावं? मी त्यांच्यावर भडकले. त्यांच्या कानाशी जाऊन, बायकांसमोर ओरडले, "मग दवाखान्यात सांगायला काय झालं होतं? तेव्हा का नाही बोललात?"

त्यांनी बाहीने हनुवटी पुसली. "तू म्हणालीस ना दुसरा इलाज नाही. मग सांगून काय फायदा?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं. तिथेच, त्या पिठात उभं राहून मी सगळं कबूल करायला हवं होतं. मी मनाशी म्हटलं, ट्रायल दोन दिवसांवर आहे, आत्ता सांगितलं तर माणूस खचेल. खरं तर मला भीती वाटत होती, आणि भीतीला काळजी म्हणणं सोपं असतं. मी सळई उचलली आणि त्यांना घरी आणलं.

त्या रात्री आणि पुढच्या दिवशी सकाळी मी माझ्या परीने धडपडले. एका ओळखीच्या कंपाउंडरकडून डॉक्टर वापरतात तसला स्टेथोस्कोप मागून आणला. बाबांना त्यातून नुसतीच सुसू ऐकू आली. सळईचं टोक कानामागच्या हाडाला टेकवून बघितलं. थोडं आलं, पण हात थरथरला की गेलं. "पाण्यात बुडी मारून ऐकतोय असं वाटतं," बाबा म्हणाले. तरीही ते करत राहिले. एकदा मोटरीवर, एकदा गल्लीतल्या हातपंपावर, एकदा शेजारच्यांच्या मिक्सरवर. आई मधून मधून हळदीच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावायची.

गुरुवारी दुपारी सरांनी आम्हांला बोलावून सांगितलं की समिती येत नाही. भेट पंधरा दिवसांनी पुढे गेली आहे. बाकीचे खूश झाले, तयारीला वेळ मिळाला म्हणून. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. पंधरा दिवस. मला घाई करायचं काही कारणच नव्हतं.

शुक्रवारी मी रजा टाकली आणि बाबांबरोबर गेले. खाकी कपडे, केसांना तेल, पेपरात गुंडाळलेली सळई. फाटकावरच्या शिपायाने मला अडवलं तेव्हा बाबांनी त्याला सांगितलं, "बेटी है. साइंटिस्ट है." त्याने काय समजून घेतलं कोण जाणे, पण आत सोडलं. कारखाना लखलखीत होता, जमिनीला हिरवा रंग, बाजूने पिवळे पट्टे ओढलेले. मला एका पट्ट्याच्या मागे उभं राहायला सांगितलं.

साहेब माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठा असेल. वागायला अगदी नम्र. भिंतीशी एका ओळीत चार मोठे पंखे होते, भट्टीची गरम हवा बाहेर ओढणारे, सगळे चालू. साहेब बाबांच्या उजव्या कानाजवळ येऊन ओरडून बोलला, गोंगाट होता म्हणून, आणि आमच्या नशिबाने बाबांना ते पुरलं.

"काका, इन चार में से एक का बेरिंग जा रहा है. कौन सा, ये बताना है. मीटर है हमारे पास. मीटर तो कोई भी लगा लेगा. मुझे वो आदमी चाहिए जो बिना मीटर के पकड़ ले."

म्हणजे त्याला नेमके बाबाच हवे होते. आठवड्यापूर्वीचे बाबा.

बाबांनी आधी चारही पंख्यांच्या बेरिंगवर हात ठेवून ऊब पाहिली. बोटावर ग्रीस घेऊन वास घेतला, चिमटीत चोळून बघितलं. पहिला आणि चौथा त्यांनी तिथेच सोडून दिला. साहेबाने मान हलवली. एवढं बरोबर होतं बहुतेक. मग त्यांनी पेपर सोडला आणि सळई काढली. साहेब कौतुकाने दोन पावलं पुढे आला.

दुसऱ्या पंख्यावर सळई टेकवून बाबांनी दुसरं टोक तोंडात धरलं, उजवीकडे. अंगठे कानांत. मी त्यांचा जबडा आवळलेला बघत होते. सळई घसरली. त्यांनी पुन्हा धरली. मग तिसऱ्या पंख्याकडे गेले. मग परत दुसऱ्याकडे. साहेबाने घड्याळाकडे बघितलं नाही, पण हातांची घडी घातली. बाबांनी सळई कानामागे लावून पाहिली, कपाळाला लावून पाहिली. पुन्हा तिसरा. आणि मग त्यांनी ते केलं ज्याची मला बुधवारपासून धास्ती होती. सळईचं टोक त्यांनी डावीकडे नेलं, वरची ढिली दाढ आणि खालची उघडी हिरडी यांच्यामध्ये धरलं आणि चावलं.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तरी ते तसेच उभे राहिले. मी पट्टा ओलांडून पुढे गेले आणि कुणीतरी मला हाताने मागे सारलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग त्यांनी सळई काढली, तोंड मिटलं, एकदा गिळलं आणि दुसऱ्या पंख्याकडे बोट दाखवलं.

"ये वाला, साहब."

साहेबाची नजर सळईच्या टोकाकडे गेली. ते लाल झालं होतं. त्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांच्या समोर येऊन सावकाश म्हणाला, "तीन नंबर था, काका."

बाबांनी ते ऐकलं की नुसतं त्याच्या तोंडावरून ओळखलं, मला माहीत नाही. त्यांनी हातरुमालाने सळई पुसली, टोकापासून टोकापर्यंत, आणि पेपरात नीट गुंडाळली. "उमर हो गई, साहब," ते म्हणाले. साहेबाने चहा मागवला. बाबांनी तो घेतला नाही, गरम चाललं नसतं.

परतीच्या टेम्पोत आम्हांला मागची जागा मिळाली, समोरासमोरच्या दोन बाकांपैकी एकावर. दहा-बारा माणसं कोंबलेली, एका बाईच्या मांडीवर भाजीची टोपली. बाबा सळई गुडघ्यांत धरून बाहेर बघत होते. कुरकुर नाही, काही नाही. ते बोलले असते, मला चार शब्द सुनावले असते, तर मी कदाचित तेव्हाही गप्प बसले असते. पण त्यांच्या त्या गप्प बसण्याने माझा जीव घुसमटायला लागला. मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं.

त्यांनी मान वळवून विचारलं, "काय?"

इंजिन आमच्या पायांखालीच धडधडत होतं. मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. त्यांनी कानामागे हात धरला आणि मान हलवली, नाही कळलं. तीन वर्षं मी चार वाक्यांचं एक करून त्यांना देत आले होते. या वेळी एकही गाळायचं नाही असं मी ठरवलं.

"दाढ वाचत होती, बाबा!" मी ओरडले. "डॉक्टर म्हणाले होते, वाचेल! आज दवा भरतो, दुखणं आजच थांबेल, असं म्हणाले होते! मी तुम्हांला सांगितलं नाही! मला लॅबसाठी हवी होती! मी ती कापली, बाबा!"

टेम्पोतली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. ज्यांना मराठी कळत होतं ते बघत होते आणि ज्यांना कळत नव्हतं तेही. टोपलीवाल्या बाईने टोपली जवळ ओढून घेतली. माझे कान तापले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते मी पुसलं नाही.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले, जणू अजून काही यायचं बाकी आहे. मग त्यांचा हात सावकाश गालावर गेला. राऊ मागे पडलं. कुणीतरी उतरलं, कुणीतरी चढलं.

"मला मागायची ना," ते म्हणाले. त्यांना स्वतःचा आवाज कळत नसे, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. "ट्रायल झाली की शनिवारी दिली असती."